घरच्या घरी व्हॅक्यूम प्रेस: पिशवी, पंप आणि हवेची वाट

“गेज 600 दाखवत होतं, पिशवी दगडासारखी घट्ट झाली होती, तरी व्हिनियर मधोमध फुगलं.” व्हॅक्यूम प्रेस, म्हणजे हवा काढलेल्या पिशवीत व्हिनियर (लाकडाचं पातळ पान) दाबून चिकटवायची सोय, बनवलेल्या सुतारांकडून आणि हौशी मंडळींकडून ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. पंप बदलतात, गोंद बदलतात, पण फुगे येतच राहतात, कारण दोष बहुतेक वेळा ताकदीत नसतो. पिशवीतल्या हवेला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते, किंवा कामाचा क्रम चुकलेला असतो. म्हणून इथे पंपापेक्षा हवेच्या वाटेबद्दल जास्त लिहिलं आहे.

हे मार्गदर्शन सुट्या पानाच्या व्हिनियरसाठी आहे, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या. बाजारात मिळणारी प्लायवर आधीच चिकटवलेली व्हिनियरची शीट बसवायला पिशवी लागत नाही. उदाहरणासाठी 60 × 120 सेंमीचं कपाटाचं दार धरलं आहे. त्याहून मोठं काम पहिल्याच फटक्यात करू नका.

आधी तीन आकडे

पंप दाबत नाही, दाबते ती बाहेरची हवा. पंप फक्त आतली हवा काढून घेतो. गेज, म्हणजे हवा किती काढली ते दाखवणारं मीटर, 600 मिमी (पाऱ्याच्या मापात) दाखवतं तेव्हा दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 0.8 किलो दाब असतो. आपल्या दारावर हा दाब मिळून जवळजवळ 5.9 टन होतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी सारखा असतो. कितीही क्लॅम्प लावले तरी हे साधत नाही.

दुसरा आकडा तुमच्या गावाचा. समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिमी असतो. पुण्यात, 560 मीटर उंचीवर, तो 710 च्या आसपास येतो आणि महाबळेश्वरला 645 च्या. म्हणजे मुंबईत 700 दाखवणारा पंप पुण्यात 650 दाखवत असेल, तर तो बिघडलेला नाही. त्यासाठी पंप दुकानात परत नेऊ नका.

तिसरा आकडा कुणी सांगत नाही. हवा विरळ झाली की पाणी कमी तापमानाला उकळतं. पुण्यात गेज 680 च्या जवळ पोचलं की 30 अंशांचं पाणी उकळायला लागतं. मुंबईत हीच वेळ 728 ला येते. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. तो फेसाळतो आणि व्हिनियरच्या रंध्रांतून वर येतो. म्हणून पोकळी जास्तीत जास्तच हवी हा हट्ट सोडा. व्हिनियरला 500 ते 600 मिमी पुरतं.

टप्पा 1: पंप निवडणं

एसी-फ्रिज दुरुस्त करणारे गॅस भरण्याआधी लावतात तो तेलाचा रोटरी व्हॅक्यूम पंप सर्वांत सोयीचा. मिनिटाला 50-60 लिटर हवा ओढणारा छोटा पंप या कामाला भरपूर झाला. त्यावर गॅस बॅलास्टचा छोटा स्क्रू असेल तर उत्तम. ओल्या गोंदाची वाफ पंपाच्या तेलात मिसळते, आणि तो स्क्रू सुरुवातीला थोडा उघडा ठेवला की बरीचशी वाफ बाहेर जाते. तेल दुधाळ दिसलं की बदला. पावसाळ्यात ही वेळ लवकर येते.

भंगारातला फ्रिजचा कॉम्प्रेसर स्वस्त पडतो आणि चालतोही, पण मी तो सुचवत नाही. त्याची मोटर आत येणाऱ्या गॅसवर थंड होते. पिशवी रिकामी झाली की आत काहीच येत नाही, आणि मोटर तापत राहते. शिवाय तो फ्रिजमधून स्वतः कापून काढणं धोक्याचं आहे. नव्या फ्रिजमध्ये आर 600 ए हा गॅस असतो, तो पेट घेतो. काढायचाच असेल तर तंत्रज्ञाकडून गॅस काढून घ्या, स्टार्टिंग रिले सोबत मागा आणि कॉम्प्रेसर कायम उभाच ठेवा.

सावध: तेलाच्या पंपाच्या धुराड्यातून तेलाची बारीक वाफ येते. पंप खिडकीजवळ ठेवा. व्हिनियर आणि पॉलिशचं काम त्याच्या तोंडासमोर नको, कारण तेल बसलेल्या लाकडावर पॉलिश धरत नाही.

टप्पा 2: नळी, झडपा आणि गेज

न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) सामानाच्या दुकानात 8 मिमीची पीयू नळी आणि दाबून बसणारे जोड मिळतात, तेच वापरा. फिशटँकची मऊ नळी आतल्या आत चपटी होते आणि तुम्ही तासभर पंपाला दोष देत बसता.

क्रम असा ठेवा: पंप, मग एनआरव्ही (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप), मग हवा आत सोडायची छोटी सुई-झडप, मग बॉल व्हॉल्व्ह, मग नळी, मग पिशवी. एनआरव्ही नळाच्या कामाची नको, न्यूमॅटिकची हवी. तिच्यावरचा बाण पंपाच्या दिशेला असला पाहिजे. ती नसेल आणि ऐन कामात वीज गेली, तर पंपातून हवा उलटी येते, सोबत तेलही येतं, आणि अर्धवट वाळलेलं व्हिनियर सुटतं. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून ही झडप वगळू नका.

आता गेजची गोष्ट, आणि ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची. बहुतेक जण गेज पंपाजवळ बसवतात. ते गेज पंपापाशी काय चाललं आहे ते सांगतं, पिशवीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं आहे ते नाही. पिशवीचा पडदा नळीच्या तोंडावर चिकटून बसला तर नळी रिकामी होते, गेज 600 दाखवतं आणि पिशवीतली बाकीची हवा तशीच अडकून राहते. माझी पहिली दोन दारं याच कारणाने वाया गेली. त्यानंतर मी गेजसाठी पिशवीला दुसरं भोक केलं, ओढणाऱ्या नळीच्या बरोबर तिरप्या समोरच्या कोपऱ्यात. एक जोड वाढला, पण त्यानंतर गेजने मला फसवलेलं नाही.

प्रत्येक आट्यावर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळा. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तुकडे झडपेत अडकतात.

सावध: पंप आपोआप चालू-बंद होणाऱ्या प्रेससाठी हवेची टाकी लागते. ती तेलाचे डबे, पाण्याचे जार, काचेच्या बरण्या किंवा सांडपाण्याच्या पातळ पाइपपासून कधीही करू नका. टाकी आत कोसळते तेव्हा तुकडे उडतात. गॅसचा जुना सिलिंडर कापण्याचा विचारही नको. पहिल्या प्रेसला टाकी लागत नाही.

टप्पा 3: पिशवी

पावसाळ्यात बाल्कनीला लावतात तो पारदर्शक पीव्हीसी कागद 0.5 मिमी जाडीत घ्या. टेबलावर अंथरायचा पातळ कागद कोपऱ्यावर फाटतो. 1 मिमीचा इतका ताठ असतो की कडांना नीट बसत नाही.

पिशवीत दाराखाली एक फळी असते, ती तळफळी. माप काढताना बरेच जण उंची विसरतात. रुंदी = तळफळीची रुंदी + आतल्या सगळ्या थराची उंची + 10 सेंमी. लांबी = तळफळीची लांबी + उंची + तोंड गुंडाळायला 30 सेंमी. आपली तळफळी 65 × 125 सेंमी आणि थर 6 सेंमी धरला, तर पिशवी साधारण 81 × 161 येते. कापताना मी 85 × 170 धरतो. हा कागद सहसा 54 इंची पन्ह्यात मिळतो. त्यातून शिवणीची जागा धरून 90 सेंमी रुंद आणि साडेतीन मीटर लांब पट्टा काढा आणि मधोमध दुमडा. दुमड ही पिशवीचा तळ होईल आणि फक्त दोन लांब बाजू जोडाव्या लागतील. दुमडीवर हात फिरवून घडी पाडू नका, ती गोलच राहू द्या.

बाजू जोडायचं काम मी बाहेरून करून घेतो. पीव्हीसीच्या फाइली आणि रेनकोट बनवणाऱ्यांकडे वेल्डिंगचं यंत्र असतं. त्यांच्याकडून 10-12 मिमी रुंद जोड मारून घेतला की वर्षानुवर्षं चालतो. घरी करायचं तर फुगवण्याच्या वस्तूंसाठी मिळणारा लवचिक पीव्हीसीचा गोंद घ्या, जोड 3-4 सेंमी ठेवा आणि एक पूर्ण दिवस वजनाखाली राहू द्या. पाण्याच्या पाइपाचं सोल्युशन नको. ते वाळून ताठ होतं आणि घडीवर तडकतं. शिलाई मशीन तर नकोच, प्रत्येक टाका म्हणजे एक भोक.

नळी आणि गेजसाठी पितळी बल्कहेड जोड (पडद्यातून आरपार जाऊन नटाने आवळायचा) घ्या. भोक कात्रीने पाडू नका. पाइपाचा तुकडा गरम करून किंवा धारदार पंच मारून ते गोल करा. कात्रीने पडलेल्या कोपऱ्यातून फाट सुरू होते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना रबरी वॉशर लावा आणि नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा द्या. जास्त आवळलं की रबर बाहेर सरकतं.

तोंड बंद करायला 20 मिमीचा कॉन्ड्युट (वायरिंगचा) पाइप आणि त्यावर बसणारा, लांबीत चिरलेला 25 मिमीचा पाइप. तोंड आतल्या पाइपावर दोन वेढे गुंडाळा आणि चिरलेला पाइप वरून एका टोकापासून दाबत न्या. पाइपाच्या जाडीत कंपनीगणिक फरक असतो, म्हणून आधी वीतभर तुकड्यावर, वेढ्यांसकट, बसतो का ते बघा. चिरलेल्या कडा काचपेपरने गोल करा.

टप्पा 4: तळफळी आणि हवेची वाट

तळफळी 18 मिमी एमडीएफची, दारापेक्षा चारी बाजूंनी अडीच सेंमी मोठी. तिच्या वरच्या बाजूला राउटरने किंवा कटरने एक सूत (सुमारे 3 मिमी) रुंद, एक सूत खोल खाचा मारा. उभ्या-आडव्या, दर 10-12 सेंमीवर, थेट कडेपर्यंत. चारी कडा आणि कोपरे चांगले गोल करा. पिशव्या फाटतात त्या बहुतेक तळफळीच्या कोपऱ्यावर.

दोन्ही जोड पिशवीच्या वरच्या पडद्यात येत असतील, तर त्यांच्याखाली तळफळीचा मोकळा भाग यायला हवा आणि त्यावर डासजाळीच्या दोन घड्या. तीच जाळी पुढे दारावरच्या फळीवर सगळीकडे पसरा. जाळीच्या धाग्यांमधून हवा वाहत राहते आणि पडदा कुठेच तोंड बंद करू शकत नाही. पाच फुटी जाळीचा तुकडा हा या सगळ्या सामानातला सर्वांत स्वस्त भाग आहे, आणि लोक नेमका तोच विसरतात.

दाबफळी, म्हणजे व्हिनियरवर ठेवायची फळी, 9 मिमी एमडीएफची आणि व्हिनियरच्याच मापाची. 3 मिमीची चालत नाही. व्हिनियर दाराबाहेर 6-8 मिमी येतं. पातळ फळी तिथे वाकते आणि व्हिनियर कडेला मोडतं. दाबफळीची व्हिनियरकडची बाजू गुळगुळीत हवी. तिथे खाचा असतील तर त्या व्हिनियरवर उमटतात. तिला खाकी पॅकिंग टेप लावा किंवा मधे पातळ पॉलिथिन घाला, म्हणजे ती चिकटणार नाही.

टप्पा 5: गळती शोधणं, गोंद उघडण्याच्या आधी

रिकामी तळफळी आणि जाळी आत घालून तोंड बंद करा. पंप 600 पर्यंत न्या, बॉल व्हॉल्व्ह बंद करा, पंप थांबवा. पंधरा मिनिटांत काटा 25 मिमीपेक्षा जास्त उतरला नाही, तर पिशवी कामाला तयार. 50 पर्यंत उतरला तर पंप चालू ठेवून काम निभेल. त्याहून जास्त असेल तर शोध घ्या.

इथे एक चूक जवळपास प्रत्येकजण करतो. सायकलच्या ट्यूबसारखं साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतो. निर्वात पिशवीत हवा बाहेर येत नाही, आत जाते. बुडबुडा येत नाही, उलट साबणाचं पाणी आत ओढलं जातं. साबणच वापरायचा तर पिशवीत ब्लोअरने हलकी हवा भरा, उशीसारखी फुगेल इतकीच, आणि मग लावा. एरवी पीयू नळीचा हातभर तुकडा कानाशी धरून दुसरं टोक शिवणीवरून सरकवा. गळतीचा सूं आवाज स्पष्ट येतो.

शोध पंपाकडून पिशवीकडे करा. आधी बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवून फक्त जोड तपासा, मग नळी, मग शेवटी पिशवी. पिशवीत सर्वांत आधी तोंड तपासा. वेढ्यात अडकलेला लाकडाचा एक भुसकट दाणाही पुरे असतो.

तपासणी: पडद्यावरून तळहात फिरवा. तळफळीच्या खाचा बोटांना जाणवल्या पाहिजेत, जोडापासून लांबच्या कोपऱ्यातही.

टप्पा 6: लाकूड आणि गोंद

पिशवीत काही वाळत नाही. जी ओल आत जाते ती आतच राहते. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं प्लाय थेट वापरू नका, आठवडाभर कोरड्या खोलीत हवा खेळती ठेवून ठेवा. दाराच्या दोन्ही बाजूंना व्हिनियर लावा, आणि एकाच वेळी. एकाच बाजूला लावलेलं दार महिन्याभरात पातीसारखं वाकतं. मागची बाजू दिसत नसेल तर साधं स्वस्त पान लावा, पण लावा.

पांढरा गोंद (आपण सरसकट फेविकॉल म्हणतो तो) सोपा आहे, पण त्याला मोकळा वेळ (लावल्यापासून साय धरेपर्यंतचा) कमी मिळतो. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पाच-सात मिनिटांत त्याच्यावर साय धरते. काम पहाटे करा. युरिया फॉर्मल्डिहाइडची पावडर आणि हार्डनर हा दुसरा मार्ग. तो काचेसारखा घट्ट होतो, व्हिनियर सरकत नाही आणि वेळही जास्त मिळतो. मात्र त्याचा वास डोळ्यांना झोंबतो. खिडक्या उघड्या, मास्क आणि हातमोजे हवेतच.

सावध: सनमायका लावायचा पिवळा रबरी गोंद पिशवीत कधीही नको. त्यातला द्रावक पीव्हीसी खातो आणि त्याची पेट घेणारी वाफ थेट मोटरकडे ओढली जाते.

गोंद दारावर लावा, व्हिनियरवर नाही. पान ओलं झालं की गुंडाळी होते. रोलरने चौरस मीटरला 150 ते 200 ग्रॅम, म्हणजे आपल्या दाराच्या एका बाजूला 110 ते 145 ग्रॅम. तव्यावर तेल फिरवतो तसा सलग, चकचकीत थर दिसला पाहिजे. लाकूड खालून दिसत असेल तर कमी, रोलरच्या मागे लाटा उठत असतील तर जास्त.

टप्पा 7: कोरडी तालीम, मग खरी

गोंदाशिवाय सगळा डाव एकदा मांडा: तळफळी, दाबफळी, पॉलिथिन, व्हिनियर, दार, व्हिनियर, पॉलिथिन, दाबफळी, जाळी. पिशवीत सरकवा, तोंड बंद करा, पंप लावा आणि घड्याळ बघा. हे सगळं तुमच्या गोंदाच्या मोकळ्या वेळाच्या अर्ध्यात झालं पाहिजे. नाहीतर मदतीला एक माणूस बोलवा किंवा लहान तुकडा घ्या.

आता गोंद लावून तोच डाव. व्हिनियर ठेवल्यावर तळहाताने मधून कडांकडे दाबत जा, म्हणजे मधली हवा बाहेर सरकते. मधे कोंडलेली हवा बाहेरच्या दाबाला तेवढ्याच जोराने उलट ढकलते. मधोमध येणारे फुगे बहुतेक असेच येतात. दोन कोपरे मास्किंग टेपने धरा. टाचणी, खिळा, स्टेपल काहीही नको.

पिशवीतली मोठी हवा घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने काढा, मग पंप लावा. थेट 600 ला जाऊ नका. 150-200 ला थांबा, सगळ्या कडा बघा, पान सरकलं असेल तर झडप उघडून नीट करा. मग 550-600 पर्यंत न्या. काटा त्याहून वर चढायला लागला तर सुई-झडप किंचित उघडा.

टप्पा 8: किती वेळ, आणि बंद कसं करायचं

पांढऱ्या गोंदाला 25 अंशांच्या वर दोन तास. पावसाळ्यात किंवा थंडीत चार. इथेही एक फसवी सवय आहे: बाहेर टेबलावर सांडलेला थेंब वाळला की पिशवी उघडायची. तो थेंब हवेवर वाळलेला असतो, आतल्या गोंदाला हवा नाही. त्याचं पाणी फक्त लाकूड शोषतं, म्हणून त्याला जास्त वेळ लागतो. युरियाच्या गोंदाचं मात्र उलट आहे. तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो, म्हणून कपात उरलेला गोंद नखाने दाबून पाहणं उपयोगी पडतं. तो फुटला पाहिजे, दबता कामा नये. आणि डब्यावर लिहिलेला वेळ तरीही पूर्ण द्या.

बंद करताना आधी पिशवीकडचा बॉल व्हॉल्व्ह बंद, मग सुई-झडप उघडून पंपात हवा, मग बटण. शेवटी पिशवीत हवा सावकाश सोडा.

दार बाहेर काढलं की भिंतीला सपाट टेकवू नका आणि जमिनीवर आडवं टाकू नका. एका बाजूची ओल जाईल, दुसऱ्या बाजूची राहील आणि दार वाकेल. दोन पट्ट्यांवर ठेवा, दोन्ही बाजूंनी हवा लागू द्या, आणि पूर्ण एक दिवस काचपेपर लावू नका. दुसऱ्या दिवशी नखाने सगळीकडे टकटक करून पाहा. पोकळ आवाज आलेल्या जागी पान रेषेच्या दिशेने ब्लेडने चिरा, सुईने गोंद भरा, वर पॉलिथिन आणि दाबफळीचा तुकडा ठेवून पुन्हा पिशवीत घाला.

पिशवी ओल्या फडक्याने पुसून, घडी न घालता पाइपावर गुंडाळून ठेवा, लहान मुलांच्या हाताला येणार नाही अशा ठिकाणी. पुढच्या वेळी गोंद उघडण्याआधी पंधरा मिनिटांची गळतीची चाचणी पुन्हा करा.